शून्याचा लॉग आणि एलएलओक्यूखालचे नमुने: पॉप-पीके मॉडेलमध्ये यांचं करायचं काय?

काठावरचा
नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण इथे फार्मकोमेट्रिक्सवाले (औषधांच्या डेटाची गणिती मॉडेलं करणारे) तीन-चार जण वावरतात हे माहीत आहे, म्हणून टाकतोय.

पॉप-पीके, म्हणजे अनेक माणसांच्या रक्तात औषध कसं चढतं-उतरतं याचं एकत्रित मॉडेल, करतोय. तोंडावाटे घ्यायच्या एका औषधाचा फेज-१ डेटा हाती आहे (नाव सांगता येणार नाही). निरोगी स्वयंसेवक, एकच डोस, ७२ तासांपर्यंत रक्ताचे नमुने. एलएलओक्यू (प्रयोगशाळा हमीने मोजू शकते ती खालची मर्यादा) ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिली. सीमॅक्स (रक्तातली सर्वोच्च पातळी) १२ च्या आसपास, म्हणजे वरपासून खालपर्यंत शंभर पटींहून जास्त अंतर. म्हणून मोजलेलं कॉन्सन्ट्रेशन आणि मॉडेलचं भाकीत दोन्हींचा लॉग घेऊन नॉनमेममध्ये (पॉप-पीकेचं सॉफ्टवेअर) फिट करतोय. दोन कंपार्टमेंट (शरीराचे कल्पित कप्पे), लॅग टाइमसह (डोसनंतर औषध रक्तात यायला लागेपर्यंतचा उशीर).

अडचणी अशा: डोसआधीच्या नमुन्यांत शून्य आहे, त्याचा लॉग निघत नाही. डोसनंतरच्या पहिल्या पाव तासात काहींचा नमुना बीएलक्यू (एलएलओक्यूखालचा), काहींचा ०.१२, ०.१५ असा. आणि ३६ तासांनंतर बीएलक्यूची रांगच लागते. डोसनंतरचे सगळे नमुने धरले तर जवळजवळ पाचवा हिस्सा बीएलक्यू भरतो.

ऑफिसात तीन सल्ले मिळाले. एक म्हणतो सगळ्यांत १ मिळव आणि मग लॉग घे. दुसरा म्हणतो बीएलक्यूच्या जागी एलएलओक्यूचा निम्मा टाक. तिसरा म्हणतो काढून टाक, कोणी विचारत नाही. कुणाचं ऐकू?

मृद्गंध
पहिल्याचं अजिबात ऐकू नका. बाकी दोघांचं नंतर बघू.

१ मिळवण्यातला घोळ आकड्यांत बघा. ०.१ आणि ०.०५ यांत दुप्पट फरक आहे, खऱ्या लॉगमध्ये तो ०.६९३ यायला हवा. १ मिळवून लॉग घेतला तर ०.०९५ आणि ०.०४९ मिळतात, फरक उरला ०.०४६. वरच्या टोकाला १२ आणि ६ घेतले तर फरक ०.६२ येतो. म्हणजे वर लॉग आणि खाली जवळपास साधी पट्टी, अशी अर्धनारी व्यवस्था. आता तोच डेटा पिकोग्रॅममध्ये लिहा: १०१ आणि ५१ चे लॉग, फरक ०.६८. औषध तेच, रक्त तेच, फक्त एकक बदललं आणि मॉडेलला दिसणारं चित्र बदललं. असलं रूपांतर पीकेमध्ये कशासाठी करायचं?

काठावरचा
हे पटलं. एककाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

अवांतरकर
अवांतर: एक्सेलमधला नुसता लॉग हा पाया १० चा असतो, आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) आणि नॉनमेममधला नैसर्गिक. डेटा एक्सेलमध्ये रूपांतरित करून मॉडेलला देणारे लोक मी पाहिलेत. ०.१ चा एकीकडे उणे १, दुसरीकडे उणे २.३०. मग क्लिअरन्स (शरीर औषध किती वेगाने बाहेर काढतं ते) भलताच आला की दिवसभर डोकं खाजवत बसायचं.

जुना खेळाडू
धागाकर्त्यांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरल्यात. त्या सुट्या केल्या की निम्मं काम होईल.

पहिली गोष्ट: मॉडेलच शून्य सांगतं तेव्हा काय. डोसआधी आणि लॅग टाइम संपेपर्यंत मॉडेलचं भाकीत काटेकोर शून्य असतं. लॉग उणे अनंत, आणि नॉनमेम कोसळतो. लोक काय करतात, भाकीत शून्य असेल तर लॉगच्या जागी एखादा छोटा आकडा लावतात, समजा ०.००००१ चा लॉग, उणे ११.५. ज्या ओळीत निरीक्षणच नाही (डोसची ओळ, एमडीव्ही १, म्हणजे 'माप नाही' अशी खूण असलेली ओळ) तिथे हा जुगाड बिनधोक आहे. पण निरीक्षण असलेल्या ओळीत तो लागू झाला की संपलं. तुमचा पाव तासाचा ०.१२ घ्या: लॉग उणे २.१२. भाकीत उणे ११.५. अंतर ९.४. लॉग पट्टीवरचा एसडी (प्रमाण विचलन) ०.३ असेल तर तो एक बिंदू तीस एसडी लांब पडला, आणि सबंध फिट त्याच्या मागे फरफटत जाणार. शिवाय ०.००००१ ऐवजी ०.००१ लावलंत तर उत्तर बदलेल. तुमच्या मनाने निवडलेल्या आकड्यावर क्लिअरन्स ठरणं हे काही बरं लक्षण नाही.

हातातलं उदाहरण हवं असेल तर आरमधला थिओफिलिनचा डेटा उघडा. १२ व्यक्ती, प्रत्येकी ११ नमुने, १३२ ओळी, सगळ्यांनीच कधी ना कधी वापरलेला. त्यात पहिल्या व्यक्तीचं शून्य वेळेचं माप ०.७४ मिग्रॅ प्रति लिटर आहे, सातव्याचं ०.१५, दहाव्याचं ०.२४, बाकीच्यांचं शून्य. तोंडावाटे एक डोस असं मॉडेल या तिघांसाठीही शून्यच सांगणार. साध्या पट्टीवर जोड-त्रुटी (पातळी कितीही असो, तेवढीच राहणारी) ते पचवते, ०.७४ चं रेसिड्युअल (माप वजा भाकीत) काही जगबुडी नव्हे. लॉगमध्ये तेच तीन बिंदू अशक्य ठरतात. बाकीच्या नऊ जणांच्या शून्याचा तर लॉगच नाही. तेव्हा लॉगवर जायचं असेल तर या ओळींबद्दल आधी निर्णय घ्यावा लागतो: वगळायच्या (कारण लिहून), की आधीपासूनच्या पातळीसाठी मॉडेलमध्ये एक पॅरामीटर ठेवायचा. पहिल्या डोसच्या आधीचे बीएलक्यू मात्र खुशाल वगळा. औषध दिलंच नव्हतं, ते नमुने मॉडेलला काहीच शिकवत नाहीत.

दुसरी गोष्ट, खालच्या टोकाची त्रुटी. लॉगवर नुसती जोड-त्रुटी ठेवली की मूळ पट्टीवर ती प्रमाणशीर त्रुटी होते. म्हणजे १० वर १५ टक्के आणि ०.१ वरही १५ टक्केच. प्रयोगशाळेत असं घडत नाही. दोन्ही भाग ठेवा: लॉग पट्टीवरचा एसडी म्हणजे प्रमाणशीर भागाचा वर्ग अधिक (जोड भाग भागिले भाकीत) याचा वर्ग, बेरजेचं वर्गमूळ. प्रमाणशीर ०.१५, जोड ०.०५ धरा. भाकीत १० असताना एसडी ०.१५. भाकीत ०.१ असताना ०.५२. भाकीत ०.०१ असताना ५. म्हणजे भाकीत खाली जाईल तसा मॉडेलचा त्या बिंदूवरचा विश्वास आपोआप कमी होतो, आणि शेपटीतले दोन-चार बिंदू सगळ्या वक्राला वेठीला धरत नाहीत. लॅगच्या काठावरचे तुमचे ०.१२, ०.१५ सुद्धा यानेच निवळतील, अर्थात भाकीत काटेकोर शून्य नसेल तर. लॅगऐवजी ट्रान्झिट कंपार्टमेंट (औषध टप्प्याटप्प्याने रक्ताकडे नेणारे मधले कप्पे) घेऊन पाहा. तिथे भाकीत शून्य नसतं, पण फार सूक्ष्म असू शकतं, म्हणून हे एरर मॉडेल तिथेही लागेलच.

तिसरी गोष्ट बीएलक्यू. ती संध्याकाळी लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

नेमस्त
वाचतोय. काकांच्या मीटिंगा म्हणजे एक वेगळाच विषय आहे.

पिपेटवाली
मी नमुने मोजणाऱ्यांच्या बाजूची. काका येईपर्यंत थोडं आमच्याकडून.

'बीएलक्यू' लिहितो तेव्हा आम्ही 'औषध नाही' असं म्हणत नसतो. मशीनवर बऱ्याचदा शिखर दिसतं, क्षेत्रफळही निघतं. फक्त त्या आकड्याची हमी देता येत नाही. आयसीएच एम१० (नमुने मोजायच्या पद्धतींची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका, २०२२) प्रमाणे एलएलओक्यूला अचूकतेत २० टक्के इकडेतिकडे चालतं, वरच्या पातळ्यांना १५ टक्के. एलएलओक्यूचा सिग्नल कोऱ्या नमुन्याच्या निदान पाचपट हवा. त्याखाली गेलं की कॅलिब्रेशनची रेघ आम्ही तपासलेलीच नसते. म्हणून रिपोर्टात आकडा न देता 'बीएलक्यू' जातं.

तेव्हा त्या जागी शून्य भरणं हा आमच्या रिपोर्टाचा चुकीचा अर्थ झाला. आणि ०.०५ भरणं म्हणजे आम्ही न दिलेला आकडा आमच्या नावावर खपवणं.

काठावरचा
ताई, मग खालचे कच्चे आकडे तुम्ही देऊ शकता का? मॉडेलसाठी तेच सोन्यासारखे.

पिपेटवाली
तांत्रिकदृष्ट्या देता येतात, आणि पद्धत तयार होत असतानाच्या सुरुवातीच्या अभ्यासात मॉडेलवाल्यांना आम्ही दिलेतही. नियामकाकडे जाणाऱ्या अभ्यासात आमचा क्यूए (गुणवत्ता हमी) विभाग हात लावू देणार नाही. मागायचं असेल तर अभ्यास सुरू होण्याआधी प्रोटोकॉलमध्ये लिहून घ्या. मागाहून फोन करून मिळत नाहीत.

जुना खेळाडू
आलो. ताईंनी निम्मं काम केलंय.

बीएलक्यू म्हणजे आकडा नाही, पण माहिती आहे: 'या वेळी कॉन्सन्ट्रेशन ०.१ पेक्षा कमी होतं'. ही माहिती मॉडेलला जशीच्या तशी देता येते. स्टुअर्ट बील यांनी २००१ मध्ये याचे सात मार्ग मांडले, एम१ ते एम७, आणि आजही सगळे त्याच नावांनी बोलतात. एम१ म्हणजे बीएलक्यू गाळून टाका. एम५ म्हणजे सगळीकडे निम्मा एलएलओक्यू. एम६ म्हणजे रांगेतल्या पहिल्या बीएलक्यूला निम्मा, पुढचे गाळा. एम७ म्हणजे शून्य. एम२ मध्ये बीएलक्यू गाळतात, पण उरलेले बिंदू मर्यादेच्या वरचे आहेत ही अट लाइकलिहूडमध्ये (मॉडेल खरं धरलं तर हा डेटा मिळण्याची शक्यता) घालतात. एम३ मध्ये बीएलक्यू ठेवतात, आणि मॉडेलला विचारतात की तुझ्या मते इथे मर्यादेखाली असण्याची संभाव्यता किती. एम४ म्हणजे एम३, वर कॉन्सन्ट्रेशन उणे असू शकत नाही ही अट.

तुम्ही लॉगमध्ये आहात म्हणून दोन गोष्टी सोप्या होतात. लॉगची उलटी क्रिया केली की उत्तर नेहमी धन येतं, त्यामुळे एम४ ची जादा अट आपोआप पाळली जाते. एम३ पुरे. आणि एम३ चं सूत्र म्हणजे एलएलओक्यूचा लॉग वजा भाकिताचा लॉग, भागिले लॉग पट्टीवरचा एसडी, त्याचा फाय (सामान्य वितरणात त्या आकड्याखाली असण्याची संभाव्यता). नॉनमेममध्ये बीएलक्यू ओळींना एफ-फ्लॅग १ (म्हणजे इथे माप नाही, संभाव्यता दिलीय), बाकीच्यांना ०, आणि लॅप्लासियन पर्याय (लाइकलिहूड काढायची एक पद्धत) चालू. विसरू नये असं एकच: एलएलओक्यूचाही लॉग घ्या. ०.१ तसाच ठेवलात तर मॉडेल मर्यादा १.१ नॅनोग्रॅम समजेल आणि तक्रारही करणार नाही.

मोनोलिक्स किंवा एनएलमिक्सआर२ ही सॉफ्टवेअरं वापरत असाल तर कोड लिहायचाही त्रास नाही. बीएलक्यू ओळीत डीव्हीच्या (मोजलेल्या आकड्याच्या) जागी एलएलओक्यू आणि सेन्सच्या ('मर्यादेखाली' या खुणेच्या) रकान्यात १.

आता निम्म्या एलएलओक्यूबद्दल. ०.०५ चा लॉग उणे ३. तुमच्या ३६, ४८, ७२ तासांच्या बीएलक्यूंना हाच आकडा दिलात तर लॉगच्या आलेखावर शेपूट उणे ३ वर आडवी झोपते. औषध ३६ तासांनंतर शरीरातून जाणं थांबलं असा त्याचा अर्थ होतो. मॉडेल बिचारं आज्ञाधारक, तिसरं कंपार्टमेंट मागायला लागेल. साध्या पट्टीवर ०.०५ आणि ०.००५ यांतला फरक दिसतही नाही, म्हणून एम५ तिथे खपून जातं. लॉगमध्ये तो २.३ चा फरक आहे.

नेमस्त
काकांशी थोडं भांडतो. एम३ कागदावर सुंदर आहे. प्रत्यक्षात लॅप्लासियन लावला की रन तासन् तास चालतो, कोव्हेरियन्स स्टेप (पॅरामीटर किती खात्रीचे ते काढणारी पायरी) पडते, सुरुवातीचे अंदाज जरा हलवले की ऑब्जेक्टिव्ह फंक्शन (फिटचा आकडा, कमी तितका बरा) उड्या मारतं. कोव्हेरिएट (वय, वजन असे परिणाम करणारे घटक) शोधताना शेकडो रन करायचे असतात, तिथे प्रत्येक वेळी एम३ परवडत नाही. बीएलक्यू दहा टक्क्यांखाली असतील तर एम१ वापरून पुढे जावं, असा आमच्याकडे शिरस्ता आहे आणि तो चुकीचा आहे असं मला वाटत नाही.

जुना खेळाडू
शिरस्त्याला विरोध नाही, टक्क्यांना आहे. टक्के कुठले ते महत्त्वाचं. सगळ्या नमुन्यांत ८ टक्के बीएलक्यू, पण ७२ तासांच्या नमुन्यांत ७० टक्के, असं सर्रास असतं. त्या वेळेला जे ३० टक्के उरले ते कोण? ज्यांचं औषध हळू जातं ते, किंवा ज्यांच्या मापातली त्रुटी वरच्या बाजूला पडली ते. फक्त त्यांना बघून शेपूट ओढली तर अर्धायुष्य लांबणारच. आन, कार्लसन वगैरेंनी २००८ मध्ये आणि बर्गस्ट्रँड व कार्लसन यांनी २००९ मध्ये सिम्युलेशनने दाखवलं ते साधारण हेच: दोन कंपार्टमेंटच्या शेपटीत बीएलक्यू साचले की गाळण्याने पॅरामीटर झुकतात, एम३ ने कमी झुकतात. तेव्हा टक्के वेळेनुसार मोजा, मग ठरवा.

वेळ वाचवण्याबद्दल तुमचं बरोबर. एम१ वर ढाचा उभा करा, कोव्हेरिएट तपासा, शेवटच्या दोन-तीन मॉडेलांना एम३ लावा. पॅरामीटर हलले नाहीत तर एम१ चाच रिपोर्ट द्या आणि एम३ पुरवणीत टाका.

नेमस्त
हे चालेल. आमच्याकडे अलीकडे एम७ ला जोड देऊन वापरतात: बीएलक्यूच्या जागी शून्य, पण त्या ओळींची जोड-त्रुटी वाढवलेली. 'एम७ प्लस' म्हणतात. रन स्थिर राहतात. अर्थात साध्या पट्टीवर. लॉगवाल्यांना शून्याचं दार बंदच.

फुफ्फुस
मी क्षयरोगाच्या औषधांवर काम करते, आमचं दुखणं उलट आहे. रिफाम्पिसिनचं अर्धायुष्य दोन-तीन तास. शिखर १० मिग्रॅ प्रति लिटर धरा, २ तासांनी. पुढच्या डोसआधी, म्हणजे २४ तासांनी, २२ तास उलटलेले. अर्धायुष्य अडीच तास धरलं तर जवळपास नऊ अर्धायुष्यं, शिल्लक ०.०२ च्या आसपास. आणि एलएलओक्यू साधारण ०.१. म्हणजे रोजच्या डोसवर असलेल्या रुग्णाचा ट्रफ (पुढच्या डोसच्या अगदी आधीचा) नमुना बीएलक्यूच येणार. गंमत म्हणजे रिफाम्पिसिन स्वतःचंच क्लिअरन्स वाढवतं, त्यामुळे उपचाराच्या पहिल्या दिवशी जे दिसत होतं ते दोन आठवड्यांनी दिसेनासं होतं.

इथे ट्रफ गाळले तर वाढलेल्या क्लिअरन्सचा एक पुरावाच गाळला जातो. आणि डोसआधीचा नमुना म्हणून वगळावा, तर तो पहिल्या डोसआधीचा नाहीच. काकांनी वर 'खुशाल वगळा' म्हटलं ते फक्त पहिल्या डोसला लागू, हे नव्या वाचकांसाठी ठळक करते. मात्र भाकीत ०.०२ आणि मर्यादा ०.१ असेल तर लॉगमधलं अंतर १.६, एसडी ०.३ ला पाच पटींहून जास्त. फाय जवळजवळ १. मॉडेल जे म्हणतंय त्याला बीएलक्यू नुसती मान डोलावतो, लाइकलिहूडमध्ये भर शून्य. भाकीत चुकून वर गेलं तरच तो बोंब मारतो. त्यामुळे आमच्याकडे एम३ ने उत्तर फारसं बदलत नाही, पण मॉडेल भलतीकडे जात असेल तेव्हा त्याला अडवतो.

अवांतरकर
+१ फुफ्फुसताई. 'बोंब मारतो' हे एम३ चं इतकं सोपं वर्णन पहिल्यांदा वाचलं.

काठावरचा
सगळ्यांचे आभार. आठवडाभर घालवून हे केलं: पहिल्या डोसआधीचे वगळले, लॅग काढून ट्रान्झिट घेतलं, संयुक्त एरर मॉडेल लावलं, मग एम१ आणि एम३. शेपटीचं अर्धायुष्य एम१ ने १६ तास, एम३ ने ११. क्लिअरन्समध्ये फारसा फरक नाही. परिघाकडच्या कंपार्टमेंटचं आकारमान मात्र एम३ मध्ये बरंच खाली आलं.

दोन शंका. एम३ चं ऑब्जेक्टिव्ह फंक्शन एम१ पेक्षा बरंच जास्त आलंय, म्हणजे एम३ वाईट? आणि एका स्वयंसेवकाला ४ तासांना बीएलक्यू आहे, ३ तासांना ८.१ आणि ६ तासांना ५.४ असताना. एम३ रन त्याच्यापाशीच अडतो.

मृद्गंध
ऑब्जेक्टिव्ह फंक्शनची तुलना होतच नाही. एम१ आणि एम३ मध्ये डेटाच वेगळा, एम३ मध्ये तुमच्या पाचव्या हिश्शाच्या जादा ओळी आहेत. तसंच साध्या पट्टीवरचा आणि लॉगवरचा आकडाही थेट ताडून बघायचा नाही. लॉगवरच्या आकड्यात सगळ्या मोजलेल्या कॉन्सन्ट्रेशनच्या लॉगची बेरीज दुप्पट करून मिळवली की तो मूळ पट्टीवर येतो, मग तुलना करा, तीही दोन्हीकडे ओळी त्याच असतील तर.

एम१ विरुद्ध एम३ ठरवायला व्हीपीसी (मॉडेलच्या सिम्युलेशनची खऱ्या डेटाशी आलेखावर तुलना) काढा. दोन आलेख एकाखाली एक: वर मर्यादेवरच्या निरीक्षणांचे पर्सेंटाइल, खाली प्रत्येक वेळेला बीएलक्यूचं प्रमाण, सिम्युलेशनमधल्या पट्ट्यासह. सिम्युलेट केलेल्या आकड्यांनाही ०.१ ची तीच कात्री लावा. एम१ ला खालच्या आलेखात ४८ आणि ७२ तासांना बीएलक्यू कमी सांगताना रंगेहाथ पकडाल, १६ तासांचं अर्धायुष्य म्हणजे तेच. बीएलक्यू ओळींच्या सीडब्ल्यूआरईएसकडे (भारित रेसिड्युअलकडे) पाहू नका, त्यांना तिथे अर्थ नाही.

जुना खेळाडू
त्या ४ तासांच्या नमुन्याबद्दल. मॉडेल तिथे ७ च्या आसपास सांगत असणार. लॉगमधलं अंतर ४.२, एसडी ०.१५, म्हणजे २८ एसडी खाली. फायची किंमत इतकी सूक्ष्म की तिथे गणितच डगमगतं. एका नळीसाठी सगळं थांबलंय. माझ्या मते नळ्यांची अदलाबदल. त्याच वेळी दुसऱ्या कुणाचा डोसआधीचा नमुना ७ आलाय का बघा.

काठावरचा
बघितलं. डोसआधीचे सगळे बीएलक्यूच. प्रयोगशाळेला पुन्हा मोजायला सांगू का?

पिपेटवाली
बायोइक्विव्हॅलन्सचा (दोन औषधं रक्तात सारखीच पोचतात का याचा) अभ्यास असता तर 'पीकेमध्ये बसत नाही' या कारणासाठी पुनर्मापन एम१० ला मान्यच नाही. तुमचा फेज-१ आहे, तरी कारण, पद्धत आणि कुठला आकडा स्वीकारायचा हे आमच्या एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) आधी लिहिलेलं असेल तरच होतं. त्याआधी फुकटातली चौकशी करा: क्रोमॅटोग्राम (मशीनने काढलेला आलेख) मागवा आणि इंटर्नल स्टँडर्डचं (प्रत्येक नमुन्यात मुद्दाम घातलेल्या ओळखीच्या पदार्थाचं) शिखर बघा. तेही गायब असेल तर इंजेक्शन किंवा एक्स्ट्रॅक्शन फसलंय, आणि तो नमुना बीएलक्यू म्हणून रिपोर्टात यायलाच नको होता. इंटर्नल स्टँडर्ड ठणठणीत असेल तर रक्त घेतानाची नोंदवही आणि नळीवरचं लेबल.

काठावरचा
क्रोमॅटोग्राम मागवलेत. तोवर ती ओळ वगळून आणि ठेवून असे दोन रन लावलेत, वगळलेला अडीच तासांत संपला, दुसरा अजून चालूच आहे.

नेमस्त
दुसरा मारून टाका. सर्व्हरवर आमचेही रन थांबलेत.